बिनघड्याळाचा वॉर्ड

आमच्या वॉर्डात घड्याळ नव्हतं. नव्वदच्या दशकात नर्सिंगचं शिक्षण संपवून मी नाशिक रोडच्या एका धर्मादाय दवाखान्यात लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी बाळंतिणींच्या वॉर्डात भिंतीवर नुसता खिळा दिसला आणि खिळ्याखाली गोल पांढरट डाग. मी आपली भाबडेपणानं विचारलं, "सिस्टर, घड्याळ दुरुस्तीला गेलंय का?" पाठमोऱ्या उभ्या असलेल्या इन्चार्ज सिस्टर वळल्या. माझ्या तोंडाकडे न बघता थेट मनगटाकडे बघत म्हणाल्या, "ते काढ आणि खिशात ठेव."

त्या आमच्या मोठ्या सिस्टर. नाव सांगत नाही, कारण नाशिक रोडच्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी त्यांचं ओरडणं खाल्लेलं आहे आणि प्रत्येकाकडे आपापला किस्सा आहे. मला माझा सांगायचाय.

त्या घड्याळाचं असं झालं होतं की, डबाबंद दुधाच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस ते भेट देऊन गेला होता. तबकडीवर गुटगुटीत, गोरंपान बाळ. ऑफिसनं हौसेनं वॉर्डात लावलं. मोठ्या सिस्टर रजेवरून आल्या, स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, घड्याळ उतरवलं आणि हिशेब बघणाऱ्या अण्णांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "घ्या. वेळेवर येणारी आणि वेळेवर जाणारी माणसं इथं बसतात. माझ्याकडे तसलं कुणी नाही." घड्याळ मग तिथल्याच भिंतीवर लागलं.

हे नुसतं कंपनीवरचं रागावणं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की, नव्या बाळंतिणीच्या नजरेसमोर घड्याळ असलं की ती बाळाकडे बघत नाही, काट्याकडे बघते. मग, "आत्ताच तर पाजलं, परत कसं रडतंय? मला दूधच नाही वाटतं," असं सुरू होतं, सासू मान डोलावते, नवरा बाटली आणायला पळतो आणि सगळंच मुसळ केरात. "बाळाला भूक लागली की ते सांगतं," सिस्टर म्हणायच्या. "त्याला घड्याळ कळत नाही. तुला कळतं, म्हणून तू त्याचं ऐकत नाहीस." आम्हा पोरींना औषधांच्या वेळा पाळायच्या असत. मग आम्ही व्हरांड्यात जाऊन, चोरून, खिशातलं घड्याळ बघून यायचो. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या नर्सा तंबाखू खायला जातात की काय.

पुढे त्या निवृत्त झाल्या तेव्हा संस्थेनं शाल, श्रीफळ आणि काय द्यावं? भिंतीवरचं घड्याळ! मागच्या रांगेत आम्ही पदर तोंडात कोंबून हसतोय, आणि विश्वस्तांना कळेना काय झालं. सिस्टरनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि माइकवर म्हणाल्या, "लावीन घरी. आता आमच्याकडे कुणाला पाजायचं राहिलेलं नाही."

उंच बाई. चष्मा दोरीला बांधून गळ्यात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तो खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटायची सवय. ठण्ण् आवाज झाला की सगळा वॉर्ड पाठ टेकून बसायचा. कारण त्यांचा पहिला हुकूम कायम एकच असे, "पाठ टेक!" नोटांच्या प्रेसच्या कॉलनीतली शिकलेली सून असो, पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षांच्या छाटणीला आलेली मजूर बाई असो, प्रत्येकीला तेच. "वाकून बाळाकडे जायचं नाही. पाठ टेक, खांदे सोड, बाळाला वर घे. विहिरीत डोकावल्यासारखी काय बसलीस?" आणि खरोखर, पाठ टेकल्याबरोबर निम्म्या बायकांचं निम्मं दुखणं पळायचं. वाकलेल्या मानेनं, रडवेल्या तोंडानं बसलेली पोरगी एकदम माणसात यायची.

त्यांचा नवरा नोटांच्या प्रेसमध्ये. "ते नोटा छापतात, मी माणसं मोजते," असं त्या ऐटीत सांगत. खुद्द त्यांच्या घरी काय चालायचं ते देव जाणे, पण त्यांचे यजमान एकदा डबा द्यायला आले तर दारातूनच बोलले, आत पाऊल टाकलं नाही. मला ते फार बरोबर वाटलं.

वॉर्डाला एक लांबलचक खिडकी होती. त्या खिडकीत ओळीनं दुधाच्या बाटल्या, प्रत्येकीत पाणी आणि मनीप्लांटचा एकेक वेल. सगळ्या जप्त केलेल्या. पिशवीत, उशीखाली, टोपड्यांच्या गाठोड्यात कुठंही दडवा, सिस्टरांना वास यायचा. बाटली हातात घेतली की रबरी बोंडी कात्रीनं कचकन कापायची आणि वेल रोवायचा. डिस्चार्जच्या दिवशी एखादा बाप धीर करून म्हणायचा, "सिस्टर, आमची ती बाटली…" की त्या कळवळून सांगत, "अहो, मुळं फुटली हो तिच्यात. आता कशी देऊ?"

म्हणून त्यांना हेकट म्हणाल तर तेही खोटं. एका बाळाची आई फार आजारी होऊन मोठ्या दवाखान्यात हलवावी लागली, तेव्हा डॉक्टरांनी वरचं दूध लिहिलं आणि सिस्टरनी चकार शब्द काढला नाही. स्वतः मांडीवर घेऊन वाटी-चमच्यानं पाजत बसल्या. आम्ही बघतोय म्हटल्यावर खेकसल्या, "बघता काय? उपाशी ठेवायचं का त्याला? माझं भांडण बाटलीशी आहे, पोटाशी नाही."

आता खरवसाचं सांगते.

आमच्याकडे तेव्हा, आणि काही घरांत आजही, पहिल्या दिवसांचं दूध टाकून द्यायची रीत. घट्ट, पिवळसर असतं ते. गाईच्या पहिल्या दुधासारखं त्यालाही चीकच म्हणतात. ते जड, ते साचलेलं, ते बाळाला बाधतं, असं म्हणून फडक्यात पिळून मोरीत. आणि बाळाला तोवर मध, नाहीतर गूळपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा. सांगून सांगून आमचे घसे बसायचे. तक्ते लावले, चित्रं दाखवली. सासवा माना डोलवायच्या आणि आम्ही पाठ फिरवली की फडकं ओलं.

सिस्टरनी तक्ते सोडले आणि डबा धरला. मखमलाबादला मळा असलेली एक बाई होती, तिची बाळंतपणं आमच्याकडेच झालेली. तिच्या किंवा तिच्या भावकीतल्या कुणाच्या गोठ्यात गाय व्याली की चीक सिस्टरांकडे पोचायचा. दुसऱ्या दिवशी खरवसाचा स्टीलचा मोठा डबा वॉर्डात. वेलची, जायफळ, वरून केशराची काडी. वड्या अशा की चमच्यानं हलवल्या की थरथराव्यात. त्या वड्या बाळंतिणींना नाही, सासवांना. प्रत्येकीच्या हातात बशी. मग सिस्टर मधोमध उभ्या राहत आणि खाऊ देत.

त्र्यंबककडची एक म्हातारी मला अजून आठवते. चांगली ठसठशीत, कपाळावर मोठं कुंकू. मिटक्या मारत म्हणाली, "लय ब्येस झालाय बाई. चीक पहिल्याच धारेचा हाय जणू?"

"अगदी पहिल्या धारेचा."

"मंग! त्याबिगर असा घट्ट नाय व्हत."

"आजी," सिस्टर गोड आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज गोड झाला की आम्ही कामं थांबवायचो. "गाईचा चीक इतका चवीनं खाताय. मघाशी सुनेचा फडक्यात पिळून टाकलात, तो काय विषारी होता?"

म्हातारीचा घास तोंडातच. "न्हाय म्हंजे… लेकराला जड पडतो ना त्यो…"

"असं होय! गाईचा चीक या वयात तुम्हाला पचतो, आणि आईचा तिच्या लेकराला पचत नाही!"

सगळा वॉर्ड हसला. म्हातारीही हसली, बशी ठेवून उठली आणि सुनेला म्हणाली, "पाज गं बाई, ही सिस्टर काय आपल्याला सुखानं खाऊ द्येत नाय." हा प्रयोग मी कितीतरी वेळा पाहिला. फसलेला एकदाच पाहिला, आणि तो माझ्याच खाटेशी.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. मला दिवस गेले आणि बाळंतपणाला मी आमच्याच वॉर्डात आले. माझी आई तोवर गेलेली, म्हणून सटाण्याकडच्या खेड्यातून सासूबाई आल्या. बारीक अंगाच्या, बोलायच्या अहिराणी आणि तीही मोजकी. सिझेरियन झालं. मुलगी. जरा अलीकडे जन्मलेली, वजनाला कमीच, पण काचेच्या खोलीत ठेवावी इतकी नाही. माझ्या कुशीत दिली.

आणि पोरगी अशी गुणाची की विचारू नका! रडायचं नाव नाही. पाजायला घेतलं की दोनदा ओठ हलवायची आणि झोपायची. आजूबाजूला सगळ्या पोरांचा नुसता कालवा, आणि आमची ढिम्म. माझ्या मैत्रिणी राउंडला येऊन कौतुक करायच्या, "किती शहाणं बाळ!" मोठ्या सिस्टर किल्ल्या आपटत आल्या, तिच्याकडे बघून म्हणाल्या, "वा! पोटातूनच वॉर्डाची शिस्त शिकून आली." मला पाठ टेक म्हणाल्या नाहीत. मी नर्स. कितीजणींना मीच शिकवलेलं. मला कोण काय सांगणार? मीही टाके सांभाळत, गुंगीत, अभिमानानं पडलेली.

एकट्या सासूबाई कौतुक करत नव्हत्या. खाटेशी बसून त्या पोरीचं तोंड न्याहाळत राहायच्या. मधेच म्हणायच्या, "ही काबर रडत नही?"

"चांगलंच आहे ना आई. झोपलीय ती."

"भुकी शे ती. काहीतरी द्या तिले."

मला राग यायचा. घरातच ही गत, तर बाहेर काय शिकवू मी? दुसऱ्या दिवशी तर त्यांच्या पिशवीतून बाटलीचं टोक दिसलं. माझ्या नवऱ्याकडून गुपचूप मागवलेली. मला दिसली तशी सिस्टरांना दिसली. त्यांनी हात पुढं केला. "आजी, माझ्या खिडकीत एक जागा रिकामी आहे."

सासूबाईंनी बाटली छातीशी धरली. मान हलवली, नाही. सिस्टरनी बाटली ओढून पाहिली. सासूबाई सोडेनात. एवढीशी बाई, पण बोटं पांढरी पडली तरी सोडेना. वॉर्ड बघत होता. शेवटी सिस्टरनीच हात मागं घेतला. "बरं," म्हणाल्या, "उद्या बघू." लाजेनं माझी मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आला. मला कळलंच हा कुणासाठी आणलाय. बशी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी एक चमचा तोंडात घातला. सिस्टरनी गोड आवाज काढला. "कसा झालाय, आजी?"

"चांगला शे."

"चिकाचा आहे. गाईचा चीक माणसं चवीनं खातात. आईचा मात्र टाकून देतात आणि लेकराला बाटली लावतात. असं का हो?"

एक-दोघी सवयीनं हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी चमचा बशीत ठेवला, बशी लॉकरवर ठेवली आणि पदराच्या टोकाला हात पुसले. मग सिस्टरांकडे बघून, एकेक शब्द जोखून बोलल्यासारख्या बोलायला लागल्या.

त्यांना माझ्या नवऱ्याच्या आधी एक मुलगा झाला होता. मला हे माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. तेव्हाच्या रीतीनं थोरल्या बायकांनी बाळाला छातीशी लावू दिलं नाही. चीक पिळून टाकायचा, चौथ्या दिवसापासून पाजायचं, तोवर गूळपाण्याचा बोळा. यांचा पदर ओला, चोळी ओली, आणि लेकरू पलीकडच्या खोलीत रडतंय.

"मंग रडनं बंद व्हयनं," सासूबाई म्हणाल्या. "समद्यासले वाटनं, झोपना. समद्या म्हने, कितला शहाना शे." त्यांनी माझ्या कुशीतल्या पोरीकडे बोट केलं. "तो बी असाच झोपे, बाई. असाच."

मी पोरीकडे बघितलं. शहाणी पोर. ओठ सुकलेले. आईच्या नजरेनं बघत होते तोवर मला फक्त तिच्या पापण्या दिसत होत्या. आता नर्सच्या नजरेनं बघितलं आणि कळलं, ही झोप नव्हे, ग्लानी.

सिस्टर स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना वॉर्डात बसलेलं पाहिलं नव्हतं, ते वाटी-चमच्याचं बाळ सोडलं तर. त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "चुकले हो ताई मी." आजीवरून ताईवर आल्या. मग विचारलं, "नाव काय ठेवलं होतं?"

"बारसं व्हयनं नही."

मग ज्या उठल्या, त्या पुन्हा आमच्या मोठ्या सिस्टर. ठण्ण्! "डॉक्टरांना बोलवा! पोरीचे कपडे सोडा, जागी होऊ दे, लंगोट राहू दे फक्त. वाटी-चमचा उकळून आणा!" डॉक्टर आले, पोरीला उलथंपालथं करून तपासलं, टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. म्हणाले, "साखर जेमतेम आहे. संध्याकाळपर्यंत नीट घ्यायला लागली तर ठीक, नाहीतर वर नेऊन सलाईन लावावं लागेल." सिस्टर म्हणाल्या, "लागलं तर मीच घेऊन येईन वर. संध्याकाळपर्यंत मला द्या." आणि माझ्याकडे वळल्या. "तू. पाठ टेक."

मी पाठ टेकली आणि रडायला लागले. "रड, पण खांदे सोडून रड," म्हणाल्या. माझ्या छातीशी वाटी धरली आणि हातानं चीक काढला. थेंब थेंब. घट्ट, पिवळा. वाटीचा तळ कसाबसा झाकला. मला वाटलं, एवढंच? सिस्टर म्हणाल्या, "एवढंच लागतं आज." वाटी त्यांनी परिचारिकेला नाही दिली, मलाही नाही. सासूबाईंच्या हातात दिली. पोरीचे तळवे चोळून, ओल्या फडक्यानं गाल पुसून तिला जागं केलं आणि सासूबाई चमच्याच्या टोकानं एकेक थेंब तिच्या ओठावर सोडायला लागल्या. "पी व माय, पी." पहिला थेंब ओघळला. दुसरा आत गेला.

मग सिस्टर वॉर्डातून निघून गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ते घड्याळ होतं, गुटगुटीत बाळाचं. अण्णांच्या डोक्यावरच्या भिंतीवरून काढून आणलेलं. आम्ही सगळ्या तोंडात बोटं घालून बघतोय. त्यांनी ते सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"ताई, माझं म्हणणं असं की, बाळ भूक लागली की सांगतं. हे बाळ सांगत नाही. त्याच्यात तेवढी ताकद नाही अजून. हे तुम्हाला कळलं, मला कळायला पाहिजे होतं." काचेवर बोट ठेवून त्यांनी दाखवलं. "मोठा काटा असे दोन फेरे फिरला की हिला उठवायचं. झोपली असली तरी, शहाणी असली तरी, मी नको म्हटलं तरी. आधी छातीशी, मग वाटी."

सासूबाईंना घड्याळ वाचता येत नव्हतं. काट्याचे फेरे मात्र त्यांनी असे धरून ठेवले की काय सांगू. दिवसभर घड्याळ मांडीवर. जेवायला उठल्या नाहीत. फेरे झाले की मला हलवायच्या, पोरीचे तळवे चोळायच्या. बाटली पिशवीतच होती, पण तिच्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. दुपारच्या खेपेला पोरीनं छातीशी दोनदा ओठ हलवले आणि झोपली नाही. पुढच्या खेपेला गिळल्याचा आवाज आला, घुट्‌, घुट्‌. मी सिस्टरांकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीतल्या वेलांना पाणी घालत होत्या. एकाच बाटलीत ओततायत, ओततायत, पाणी खाली सांडतंय.

संध्याकाळी डॉक्टर यायच्या आधीची गोष्ट. मोठ्या काट्याचा दुसरा फेरा पुरा व्हायला बराच अवकाश होता. सासूबाई काट्याकडे नजर लावून बसलेल्या. आणि पोरगी रडली. कुईकुई नव्हे, चांगलं टाहो फोडून, मुठी आवळून, लालबुंद होऊन. वॉर्डातल्या बाकीच्या आया आपापल्या पोरांना उगी-उगी करत होत्या, आणि आमच्या सासूबाई घड्याळ पोटाशी धरून, अनवाणी, व्हरांड्यात धावत सुटल्या.

"रडनी! बाई, रडनी! भुकी शे, रडनी!"

सिस्टर समोरून आल्या. स्वतःचे डोळे पुसायचे सोडून त्यांनी आधी सासूबाईंच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं. "द्या इकडे. आता हे नको. आता ती सांगायला लागली." आणि दारातून माझ्याकडे बघून ओरडल्या, "ऐकत काय बसलीस? पाज तिला!"

पोरीनं अशी छाती धरली की टाके विसरले मी. डॉक्टर आले, बघितलं, हसले आणि पुढच्या खाटेकडे गेले. घड्याळ अण्णांकडे परत गेलं.

मग सिस्टरनी स्वयंपाकघरातल्या फ्रिजमधून डबा आणला. लॉकरवरची सकाळची बशी तशीच होती. ती उचलली, नवी घेतली, दोन वड्या काढल्या आणि सासूबाईंच्या शेजारी स्टुलावर टेकल्या. "खा, ताई. आज काही विचारत नाही."

त्या दिवसानंतर त्यांनी तो प्रश्न तसा कुणालाच विचारला नाही. खरवस वाटत राहिल्या, पण बशी देण्याआधी शेजारी बसून विचारायच्या, "तुमची किती? सगळी आहेत ना?" आणि मग जे काय ऐकायला मिळे ते सगळं ऐकून घ्यायच्या.

पण तो दिवस. सासूबाईंनी चमचा उचलला. पलीकडे माझी पोरगी चपचप आवाज करत पीत होती. त्यांनी एक घास खाल्ला, हळूहळू चावला, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायची तसदी न घेता सिस्टरांना म्हणाल्या,

"गोड शे."